मत मेश्राम बाईंचं, हात दुसऱ्याचा

लंडनमधल्या आमच्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, शाळांत मुलांना कस्टर्ड वाढणाऱ्या बायकांना आधी स्वच्छतेचा कोर्स करावा लागे. पोहण्याच्या तलावावर शिट्टी घेऊन बसणाऱ्या पोराकडे सर्टिफिकेट असे. गवत कापायचं मशीन हातात देण्यापूर्वी नव्या माळ्याला कुणीतरी अर्धा दिवस उभं राहून ते शिकवी. आणि निवडणुकीच्या दिवशी ज्याच्या ताब्यात मतपेटी द्यायची, एका अख्ख्या वस्तीची मतं ज्याच्या भरवशावर सोडायची, त्याला आम्ही काय शिकवत होतो? एक पातळ पुस्तिका पोस्टाने पाठवत होतो. ती तो वाचतो की चहाचा कप ठेवायला वापरतो, हे कधी कुणी विचारलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला 'नोकरीतल्या गमती' लिहायला सांगितल्या आहेत. गमती पुष्कळ आहेत. एक केंद्राध्यक्ष आपला कुत्रा घेऊन केंद्रावर आले होते आणि तो मतपेटीला टेकून दिवसभर झोपला होता. एका बाईने मतपत्रिकेवर फुली मारायच्या ऐवजी आम्हाला गटार तुंबल्याची तक्रार लिहून पाठवली होती. पण लिहायला बसलं की या गमती मागे पडतात आणि मला राग येतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी येतो. तेव्हा रागाचंच लिहिते.

वेम्बलीच्या बाजूच्या एका कौन्सिलमध्ये मी निवडणूक विभागात होते. टायपिस्ट म्हणून लागले आणि उपप्रमुख म्हणून बाहेर पडले. मधल्या बढत्यांची हकीगत सांगून मी कुणाला छळणार नाही. आपल्याकडच्या वाचकांना एक मात्र सांगायला हवं. भारतात निवडणूक म्हटली की एक मोठी स्वतंत्र यंत्रणा डोळ्यांपुढे येते. इथे त्या काळी तसं काही नव्हतं. ज्या कौन्सिलने तुमचा कचरा उचलायचा, तिनेच तुमची मतंही गोळा करायची. आमच्या विभागात एरवी आम्ही चार-पाच जणं. मतदानाच्या दिवशी शेकडो माणसं लागत. ती आम्ही रेट्स म्हणजे घरपट्टीच्या ऑफिसातून, लायब्रऱ्यांतून, बागखात्यातून उसनी आणायचो. काही जण वर्षानुवर्षं तेच केंद्र सांभाळत. त्यांना ते आपलं घरचं कार्य वाटे. डबा, थर्मास आणि विणकाम घेऊन येत.

माझे वडील सोलापुरात शाळामास्तर होते. निवडणुकीची ड्यूटी लागली की त्यांना आधी ट्रेनिंगला बोलावणं येई. गेले नाहीत तर नोटीस. घरी येऊन ते त्यावर कुरकुर करत, पण मतपेटीला सील कसं लावायचं हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं. हे मी एकदा आमचे साहेब मिस्टर हॅडली यांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "नीला, तुमच्याकडे लोकशाही नवी आहे. आमच्या लोकांच्या ती अंगात मुरलेली आहे. पेटी आणि पेन्सिल, यात शिकण्यासारखं काय आहे?"

हॅडली वाईट माणूस नव्हते. कामाला चोख, कपड्याला इस्त्री, कधी आवाज चढवला नाही. पण हे वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलं की पुढे पुढे ते तोंड उघडायच्या आधीच मला ऐकू यायचं.

शिकण्यासारखं काय असतं, ते एका पोटनिवडणुकीत दिसलं. तेव्हा प्रत्येक मतपत्रिका देताना क्लार्कने ती एका लोखंडी यंत्रात घालून दाबायची पद्धत होती. यंत्र म्हणजे स्टेपलरचा थोरला भाऊ. दाबलं की कागदावर बारीक भोकांची खूण उमटे. ती खूण नसली की मत बाद. कायदाच तसा होता, कारण बाहेरून छापून आणलेला कागद कुणी पेटीत टाकू नये. बागखात्यातला एक नवा क्लार्क दुपारच्या गर्दीत गडबडला आणि यंत्र बाजूला ठेवून नुसतेच कागद फाडून देत बसला. रात्री मोजणीत त्या केंद्राच्या पेटीतून बिनखुणेचे कागद निघू लागले. एकेक करून ते बाद मतांच्या ढिगावर गेले. उमेदवार बाई, मिसेस लॉरिमर, समोर उभ्या होत्या. त्या अगदी थोड्या मतांनी पडल्या. बाद ढिगात त्यांच्या नावापुढच्या फुल्या त्यांना टेबलापलीकडून दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या क्लार्कला मी विचारलं, तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, "मला वाटलं ती भोकं म्हणजे शोभेची आहेत."

मी हॅडलींकडे गेले. म्हटलं, या लोकांना एक दुपार तरी बसवून शिकवू. ते म्हणाले, "बॅड लक, नीला. होतं असं कधीकधी." ज्यांनी कामावरून धावत येऊन मत दिलं होतं आणि ज्यांचं मत कचऱ्यात गेलं, त्यांना आम्ही साधं कळवलंसुद्धा नाही. मत गुप्त असतं, त्यामुळे कळवायचं कुणाला, असा त्यावर तोडगा निघाला. तो तोडगा सगळ्यांना फारच सोयीचा होता.

त्यानंतर आली सार्वत्रिक निवडणूक, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी आमच्या काउंटरवर मेश्राम बाई.

पांढरं पातळ, त्याला निळे काठ, वरून जाड कार्डिगन, पायात कॅनव्हासचे बूट. सोबत मुलगा मिलिंद. तो एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता आणि सुट्टी काढून आला होता. आमच्या रिसेप्शनवरची मुलगी त्यांना "नेक्स्ट वीक" वगैरे सांगत होती. बाई मागे वळून मिलिंदला मराठीत म्हणाल्या, "तिला सांग, मी इथून हलणार नाही." ते ऐकून मी उठले.

मी मराठी बोलल्याबरोबर मिलिंदने सुटकेचा श्वास सोडला. बाईंना मात्र त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तुम्ही इथं काम करता का?"

"हो."

"मग बरं झालं. मला सांगा, काल मी मत दिलं का नाही दिलं?"

मी त्यांना आत नेलं, खुर्ची दिली. बाई नागपूरकडच्या. प्राथमिक शाळेत आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या, नवरा गेल्यावर मुलाकडे आलेल्या. इथे आल्यावर कॉमनवेल्थमुळे भारतीय पासपोर्टवरही मत देता येतं हे कळलं, तेव्हा त्यांनीच मिलिंदच्या मागे लागून आपलं नाव यादीत घालून घेतलं होतं. उमेदवारांची पत्रकं घरात पडली, ती शब्दकोश घेऊन वाचली होती. इंग्रजी त्यांना वाचता चांगलं येई. बोलायला मात्र वेळ लागे, कारण वाक्य मनात पूर्ण जुळवल्याशिवाय त्या तोंड उघडत नसत.

केंद्रावर त्या एकट्या गेल्या. पुढचं त्यांच्याच शब्दांत सांगते.

"तो माणूस चांगला होता जी. उठून उभा राहिला. मला खुर्ची दिली. मी म्हटलं, पेपर. तो जोरजोरानं बोलायला लागला, जशी मी बहिरी आहे. हॉलमधले सगळे बघून राहिले. मी वाक्य जुळवत होती की मला वाचता येते, मी तिकडं आडोशाला जाते. पण तो बोलूच देऊन नाही राहिला. म्हणे, डोन्ट वरी डियर. कागद त्यानं टेबलावर पसरला आणि म्हणे, विच वन? मी कागद उचलायला हात पुढं केला. माझं बोट कागदाला लागलं. जिथं लागलं तिथं त्यानं फुली मारली. घडी घातली. पेटीत टाकला. आणि माझ्या हातावर थोपटलं."

हे सांगताना त्यांनी आपला डावा हात उजव्या हाताने पुसला.

"माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "देशातली पहिली निवडणूक झाली, तेव्हा ती नवं लुगडं नेसून गेली. मी तिच्यासोबत होती. चित्र पाहून तिनं तिच्या हातानं कागद पेटीत टाकला. कोणी तिच्या हाताला हात लावला नाही. तोवर आमच्या माणसांना कोणत्याच मोजणीत कोणी धरलं नव्हतं. आणि मी मास्तरीण. माझं मत इथं दुसऱ्यानं दिलं."

मिलिंद हळूच म्हणाला, "आई, जाऊ दे ना."

"तू गप बस."

मग त्यांनी मला विचारलं, ते मत पेटीतून परत काढता येईल का. मी नाही म्हटलं. कागद हातात असताना खराब झाला तर दुसरा देता येतो. एकदा पेटीत पडला की तो तुमचा राहत नाही. कोर्टात जाऊन अख्ख्या निवडणुकीलाच आव्हान देता येतं, पण ते पक्षांचं आणि वकिलांचं काम. आणि नियम? नियम अगदी स्पष्ट होता. मतदाराने स्वतःहून "मला वाचता येत नाही" असं सांगितलं तरच केंद्राध्यक्षाने मदत करायची. त्याने आपण होऊन ठरवायचं नाही. हे सगळं आमच्या पुस्तिकेत छापलेलं होतं.

"म्हणजे त्याला माहीत नव्हतं," बाई म्हणाल्या.

"नसावं."

"त्याला सांगायचं काम कोणाचं होतं?"

मी त्यांना हॅडलींच्या खोलीत घेऊन गेले. हॅडलींनी उठून हस्तांदोलन केलं, चहा मागवला, फार खेद वाटतो म्हणाले. केंद्राध्यक्ष मिस्टर बॅरट हे रेट्स ऑफिसातले, अत्यंत सज्जन, चर्चमध्ये दर रविवारी घंटा वाजवणारे, हेही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, त्या माणसाला शिक्षा नको. त्याला शिकवा."

मी इंग्रजीत सांगितलं. हॅडली म्हणाले, "अर्थातच. मिस्टर बॅरट यांच्याशी मी स्वतः बोलेन."

मी त्यावर विश्वास ठेवला. साहेब स्वतः बोलेन म्हणाले की बोलतात, असं मला तोवर वाटत होतं.

ट्रेनिंगचा विषय मी पुन्हा काढला. पुन्हा पेटी आणि पेन्सिल. त्याच सुमारास आमच्या धंद्यातल्या लोकांनी मिळून एक संघटना काढली होती आणि तिच्यातर्फे निवडणूक चालवणाऱ्यांसाठी अभ्यासक्रम सुरू झाला होता. मँचेस्टरला पहिले काही वर्ग होते. मी अर्ज केला. हॅडलींनी तो परत केला. "यात परीक्षा द्यायची? लोक हसतील." मी माझी वार्षिक रजा घातली आणि स्वतःच्या खर्चाने गेले. घरी नवऱ्याला सांगितलं, यंदा सुट्टीत कॉर्नवॉलचा समुद्र नाही. तो म्हणाला, "तू निदान ओरडायची थांबशील." थांबले नाही.

मँचेस्टरच्या त्या वर्गात देशभरातली माझ्यासारखी माणसं होती, आणि प्रत्येकाकडे एक बॅरट होता. कुठे व्हीलचेअरवरच्या मतदाराला पायऱ्यांखाली थांबवून "पुढच्या वेळी पोस्टाने द्या" असं सांगितलं होतं. कुठे बुरख्यातल्या बाईचं मत तिच्या नवऱ्याच्या हाती दिलं होतं. चहाच्या सुट्टीत आम्ही एकमेकांना या गोष्टी सांगायचो आणि हसायचो, आणि मग हसू थांबायचं. आम्हाला शिकवणारी जोन नावाची लँकाशायरची बाई होती, आवाज खणखणीत. ती म्हणायची, "नियम वाचून दाखवून कुणी शिकत नाही. त्यांना उभं करा. करायला लावा. चुकू द्या, पण मतदानाच्या दिवसाआधी चुकू द्या."

मी परीक्षा पास झाले. हॅडलींनी अभिनंदन केलं आणि माझं सर्टिफिकेट पाहायला मागितलं नाही.

शेवटी दार उघडलं ते मिसेस लॉरिमर यांनी. पोटनिवडणुकीत पडलेल्या त्याच बाई पुढे दुसऱ्या वॉर्डातून निवडून आल्या आणि थेट आमच्या कमिटीवर बसल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी हॅडलींना विचारलं, "मतदान केंद्रावरच्या लोकांना तुम्ही काय ट्रेनिंग देता?" हॅडलींनी पुस्तिकेचं नाव घेतलं. "ते वाचायला देता. मी ट्रेनिंग विचारलं." हॅडलींनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होते. कौन्सिलच्या निवडणुकीआधीची एक दुपार मला मिळाली.

मी मेश्राम बाईंच्या घरी गेले. त्यांना म्हटलं, तुम्ही याल का? मतदार म्हणून टेबलाशी उभं राहायचं, बस.

"म्हणजे बिचारी म्हातारी म्हणून?"

"तसं नाही."

"तसंच आहे. मी येईन, पण मास्तरीण म्हणून येईन. धडा मी घेईन."

मला ते एकदम पटलं नाही, हे खरं. पण त्या चहा गाळत होत्या आणि माझ्या उत्तराची वाट पाहत नव्हत्या.

कमिटी रूममध्ये तीसेक केंद्राध्यक्ष जमले. बहुतेकांच्या चेहऱ्यावर, आपण इतकी वर्षं हेच करतोय, असा भाव. हॅडली मागच्या रांगेत. मी टेबल, पेटी, लाकडी आडोसा मांडला होता. भोकांच्या यंत्राचं प्रकरण आधी उरकलं. ते त्यांना आवडलं, कारण दाबून पाहता येत होतं. मग मी मेश्राम बाईंची ओळख करून दिली, निवृत्त शिक्षिका एवढीच.

त्या पुढे आल्या, तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून मिस्टर बॅरट उठले. गुलाबी चेहरा, बारीक चष्मा. "अरे, मला या बाई आठवतात," ते आनंदाने सगळ्यांना म्हणाले. "माझ्याच केंद्रावर आल्या होत्या. यांना मी मदत केली होती. हॅलो डियर."

लोक कौतुकाने हसले. म्हणजे हॅडली बॅरटशी बोललेच नव्हते. एवढ्या वर्षांत एक शब्दसुद्धा नाही.

मेश्राम बाईंचा चेहरा हलला नाही. त्यांनी बोटाने खूण केली, पुढे या. बॅरट उत्साहाने पुढे गेले. बाईंनी टेबलामागच्या खुर्चीत बसून त्यांच्यापुढे एक मतपत्रिका पसरली. आदल्या आठवड्यात ती त्यांनी स्वतः तयार केली होती. चार उमेदवारांची नावं, चारही देवनागरीत, सुंदर मास्तरी अक्षरात. बॅरटनी कागद पाहिला, चष्मा सारखा केला आणि हसले. "हे मला वाचता येणार नाही हो."

बाई खुर्चीतून उठल्या आणि मोठ्याने, एकेक शब्द तोडत, अगदी प्रेमाने म्हणाल्या, "को-णा-ला द्या-य-चं बा-ळा?"

खोलीत हशा पिकला. बॅरटही हसत होते. ते काहीतरी विचारायला गेले आणि त्यांचा हात कागदाला लागला. बाईंनी पेन्सिल उचलली, त्यांच्या बोटाजवळच्या नावापुढे फुली मारली, घडी घातली, कागद पेटीत टाकला आणि त्यांच्या हातावर थोपटलं.

"पण," बॅरट म्हणाले, "मी अजून कुणाला निवडलंच नव्हतं."

बाईंनी वाक्य मनात जुळवलं. या वेळी त्यांना कुणी घाई केली नाही. "यस," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "त्या दिवशी मीही निवडलं नव्हतं."

हशा कुठल्या कुठे गेला. बॅरटना समजायला एक क्षण लागला आणि मग ते मला समजताना दिसलं. त्यांचा गुलाबी रंग उतरला.

"मला वाटलं तुम्हाला वाचता येत नाही."

"मी टीचर आहे."

"तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत."

"तुम्ही थांबला नाहीत."

बॅरट वळून खोलीकडे पाहू लागले. "मला हे कुणी सांगितलंच नाही," ते म्हणाले. ती सबब नव्हती, त्यांना खरोखर प्रश्न पडला होता. मी तेव्हा सरळ हॅडलींकडे पाहिलं. माझं पाहून आणखी काहीजणांनी पाहिलं. हॅडली आपल्या बुटांचं निरीक्षण करत होते.

बॅरट पुन्हा बाईंकडे वळले. "तुम्हाला त्या दिवशी कुणाला मत द्यायचं होतं?" त्यांनी अगदी कळवळून विचारलं. आता कळून काय उपयोग होता, कोण जाणे.

"दॅट इज सीक्रेट, सर," मेश्राम बाई म्हणाल्या आणि आपल्या जागी जाऊन बसल्या.

त्यानंतर मला काहीच शिकवावं लागलं नाही. लोक आपण होऊन प्रश्न विचारू लागले. मुलगा आईसोबत आडोशात शिरला तर? नाव यादीत आहे पण उच्चार जमत नाही तर? कुणी आपल्या नावावर आधीच मत देऊन गेलं असेल तर? वीस-वीस वर्षं केंद्र सांभाळलेली माणसं विचारत होती. म्हणजे इतकी वर्षं त्यांना हे ठाऊक नव्हतं आणि विचारायची लाजही वाटत होती. आणि विचारायला आम्ही त्यांना जागाच दिली नव्हती.

कॉरिडॉरमध्ये हॅडलींनी मला गाठलं. नोकरीत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "एका निष्ठावान माणसाचा तुम्ही चारचौघांत अपमान केलात."

"तुम्ही त्यांच्याशी बोलणार होता."

"त्यांचं मन दुखवून काय मिळणार होतं?"

"आणि या बाईंचं मन?"

"त्या तक्रार करून समाधानाने गेल्या होत्या."

समाधानाने. हा शब्द ऐकून मला जे वाटलं ते या अंकात छापता येणार नाही. मी एवढंच म्हटलं, "मिस्टर हॅडली, त्यांनी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती." आणि मी निघून गेले, कारण थांबले असते तर नोकरी गेली असती.

पुढच्या वर्षी हॅडली निवृत्त झाले. नवे साहेब तरुण, चार्ट आणि मार्कर घेऊन हिंडणारे. पोल टॅक्स या नव्या डोईपट्टीवरून कौन्सिलची ओढाताण चालली होती, जिथे कापता येईल तिथे कापायचं होतं. त्यांनी पहिल्या महिन्यात माझी ती एक दुपार कापली. "नाइस टु हॅव," म्हणजे असलं तर बरं, नसलं तरी चालेल, असं त्यांनी तिच्यापुढे लिहिलं. मी भांडले, हरले. वाचवलं ते मिस्टर बॅरट यांनी. ते रेट्स ऑफिसातून जिने चढून आमच्या मजल्यावर आले आणि साहेबांना म्हणाले, ट्रेनिंग नसेल तर मी केंद्रावर बसणार नाही. मागाहून आणखी जुने केंद्राध्यक्ष तेच म्हणू लागले. इतकी माणसं ऐनवेळी आणायची कुठून? ट्रेनिंग परत आलं, आणि आता सक्तीचं झालं. वार्षिक अहवालात नव्या साहेबांनी ते स्वतःचा उपक्रम म्हणून छापलं. छापोत बापडे. पण त्यात मेश्राम बाईंचा उल्लेख एका ओळीत तरी करा, असं मी सुचवलं, तर म्हणाले, "त्या आपल्या स्टाफ नव्हेत ना."

मग पुढची सार्वत्रिक निवडणूक आली. भर दुपारी माझा फोन वाजला. बॅरट होते, केंद्र असलेल्या शाळेच्या ऑफिसातून बोलत होते, तिथून काचेतून हॉल दिसे. आवाज दबका.

"नीला, एक म्हातारे गृहस्थ आलेत. इंग्रजी बहुधा येत नाही. मी कागद दिला, आडोसा दाखवला. ते आत गेले ते गेलेच. खूप वेळ झाला. बाहेर रांग आहे, लोक माझ्याकडे बघतायत. मी जवळ गेलेलो नाही."

"त्यांनी मदत मागितली का?"

"नाही."

"मग दुसरे आडोसे वापरा आणि त्यांना राहू दे."

"किती वेळ?"

"केंद्र बंद होईपर्यंत त्यांचाच वेळ आहे."

"हो, मलाही तसंच वाटलं," बॅरट म्हणाले. "फक्त कुणीतरी म्हणायला हवं होतं." मग एकदम, "आले, आले बाहेर. पेटीत टाकला त्यांनी. स्वतःच टाकला." आणि फोन ठेवला.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा. पण त्याहून जास्त पुन्हा रागच आला. एवढंच होतं ते सगळं. थांबायचं, जवळ जायचं नाही, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. चांगल्या माणसाला हे एका दुपारी शिकवता येत होतं, आणि ती दुपार मिळवायला आम्हाला इतकी वर्षं लागली.

संध्याकाळी मी मेश्राम बाईंना फोन केला. त्या सकाळीच जाऊन मत देऊन आल्या होत्या. बॅरटची हकीगत त्यांना सांगितली. त्यांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकली.

"त्या बाबांनी मत टाकलं ना?"

"टाकलं."

"त्यांच्याच हातानं?"

"हो."

"चांगलं झालं," त्या म्हणाल्या. मागे मिलिंदच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मला वाटलं, बोलणं संपलं, म्हणून मी निरोप घ्यायला गेले.

"पण ताई," त्या म्हणाल्या, "माझं ते मत गेलं ते गेलंच ना जी."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.